खिचडीची दुसरी बाजू

आमच्या घरात खिचडी कधी शिजली नाही. आजारपणातसुद्धा आम्हाला भाताची पेज मिळे, पण खिचडी नाही. आईचं म्हणणं असं की एका संसाराला एक खिचडी पुरे, आणि ती एक म्हणजे बाबांचं इंजिन. बाबा छोट्या लाइनीवर ड्रायव्हर होते. इतवारीहून उमरेडच्या अंगाला जाणाऱ्या त्या अरुंद रुळांच्या गाडीला त्यांचं इंजिन लागे. त्याला सरकारी नंबर होता, पण नंबरानं त्याला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते कधीकाळी एका म्हशीच्या आडमुठेपणामुळे नाल्यात लोळलं होतं. कारखान्यातल्या लोकांनी ते उचलून आणलं आणि हाताशी जे सापडलं त्यातून पुन्हा उभं केलं. धुराडं एका मोठ्या जातीच्या इंजिनाचं, ड्रायव्हर उभा राहतो ती कॅब तिसऱ्याच कुणा भंगारात गेलेल्याची. त्यामुळे शरीर बुटकं, धुराडं जाड आणि छप्पर मात्र धुराड्याहूनही उंच, असं काहीतरी तयार झालं. लहान पोराला मोठ्या माणसाचा कोट चढवावा तसं ते दिसे. तेव्हापासून शेडमध्ये सगळे तिला खिचडी म्हणू लागले, आणि ती बाबांच्या वाट्याला आली. आई मात्र तिला सवत म्हणायची. शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, "भाऊजी कुठं गेले वं?" तर आई भांडं घासता घासता म्हणायची, "कुठं जातीन? सवतीकडं."

आमचं घर रुळाला लागून होतं. मागच्या अंगणाचं तारेचं कुंपण, त्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, आणि हात लांब केला तर गाडी, इतकं लागून. खिचडी यायची ती आधी ऐकू यायची. फाटकाअलीकडे बाबा शिटी द्यायचे, एक लांब आणि दोन आखूड. ही शिटी रेल्वेच्या कुठल्याही नियमात नव्हती. तिचा अर्थ होता, भाकरी टाक. आई चुलीत लाकूड सरकवायची, परातीत पीठ घ्यायची, आणि मग हात पुसत मागच्या दारी यायची. पदर डोक्यावर सारखा करून इंजिनाकडे पाहून हात वर करायची. इंजिनातून शंकरकाका, म्हणजे बाबांचे फायरमन, काळ्या तोंडात पांढरे दात दाखवून सलाम ठोकायचे. बाबा दिसायचे नाहीत, कारण ड्रायव्हरची जागा पलीकडच्या बाजूला. खिचडीच्या पोटाशीच पाण्याच्या टाक्या होत्या आणि तिला दोन्हीकडून सारखंच पळता येई (पळता म्हटलेलं शेजारच्या खापरेकाकांनी ऐकलं असतं तर ते दिवसभर हसले असते), म्हणून शेवटच्या स्टेशनवर तिला कुणी फिरवून घेत नसे. जाताना धुराडं पुढे आणि येताना ढुंगण पुढे, असं शंकरकाका म्हणायचे. तसं म्हटलं की त्यांना आमच्याकडे चहा मिळत नसे. अशा रीतीनं, गाडी जाताना असो की येताना, माझ्या आईनं सगळा संसारभर आपल्या नवऱ्याच्या फायरमनला हात केला, आणि यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नाही.

रुळाच्या पल्याड आम्ही जात नसू. तिकडे बेशरमाची दाट झुडपं होती, मागे कोळशाचा ढिगारा होता, आणि सकाळ-संध्याकाळ वस्तीतली बाप्ये मंडळी हातात टमरेल घेऊन तिकडे बसायला जायची. बायकामुलींनी तिकडे नजरसुद्धा टाकायची नाही हा वस्तीचा कायदा होता. आजीकडे उमरेडला जायचं तर आम्ही एसटीनं जायचो. हे बाबांच्या फार जिव्हारी लागायचं. "घरचा पास असून एसटीनं जाता?" असं ते म्हणायचे. आई शांतपणे म्हणायची, "तुमच्या गाडीनं गेलो तं लगन लागून जाते. एसटीनं गेलो तं निदान अक्षता भेटते."

बाबांची एक सवय सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. ते प्रत्येक वस्तू ठोकून पाहायचे. चाकं आणि बोल्ट ठोकून पाहता पाहता ती सवय बोटांतच शिरली होती. माठ, टरबूज, नवी खाट, पोळपाट, कशावरही बोटाच्या पेरानं टण्ण करून ते कान द्यायचे आणि म्हणायचे, "नुक्स हाय," म्हणजे खोट आहे. मोठ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाच्या पाठीवरही त्यांनी शाबासकीच्या निमित्तानं ठोकून पाहिलं होतं. तो जावई म्हणून चांगला निघाला, पण बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की आवाज पोकळ आला होता. बाबांनी "नुक्स नाही" म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या शिवणाला नाही, मार्कांना नाही, भाकरीला तर नाहीच.

आणि बाबांमधला नुक्स काढणारे होते खापरेकाका. ते आमच्या शेजारी राहायचे आणि मोठ्या लाइनीवर मेलगाडी हाकायचे. मोठ्या लाइनवाल्यांना छोट्या लाइनवाले म्हणजे जत्रेतल्या पाळण्यावरचे लोक वाटत. रोज संध्याकाळी खाटेवर बसून खापरेकाका काहीतरी नवं काढायचे. "रामटेके, आज तुमच्या गाडीतून एक जण उतरला, बोरं तोडली, अन् पुन्हा त्याच डब्यात चढला म्हणते!" बाबा हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत, बिडीची राख झटकायचे. पण मी त्यांची मुलगी होते, मला त्यांचा कान लाल झालेला दिसायचा. खापरेकाकांनी त्यांच्या विजूसाठी मुंबईहून चावीचं इंजिन आणलं होतं. मोठ्या लाइनीचं, बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर चांदणी, मागे कोळशाचा डबा. ते दाखवायला त्यांनी वस्तीला चहा पाजला होता आणि वर म्हणाले होते, "तुमच्या इंजिनाचं खेळणं कसं बनन, रामटेके? खेळण्याचं खेळणं बनत नसते!" तेव्हाही सगळे हसले होते. मीही हसले होते, आणि बाबांनी ते पाहिलं होतं.

बाबांची रिटायर व्हायची वेळ आली तेव्हा माझा मॅट्रिकचा निकाल लागायचा होता आणि मला काही काम नव्हतं. बाबांच्या पाठोपाठ खिचडीही भंगारात जाणार असं कळलं होतं. जेवताना बाबा भाकरीवर बोटानं ठोकत बसायचे, आणि नुक्स हाय असंसुद्धा म्हणायचे नाहीत. ते मला सहन होईना. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी शेडची मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती, खापरेकाकाही येणार होते. त्या दिवशी सगळ्यांसमोर खिचडीचं हुबेहूब खेळणं बाबांच्या हातात ठेवायचं, आणि त्यांच्या तोंडून एकदा "नुक्स नाही" ऐकायचं, असं मी ठरवलं. विजूनं त्याच्या इंजिनाची चावी कधीच पिळून तोडली होती. त्याच्या भूगोलाच्या वहीतले सगळे नकाशे काढून देण्याच्या बोलीवर मी ते मिळवलं.

मग मी ते कापायला घेतलं. चांदणीवालं नाक पत्र्याच्या कात्रीनं उडवलं तेव्हा मला जो आनंद झाला तो इथे लिहिणं माझ्या वयाला शोभणार नाही. मागचा डबा काढून टाकला. बाबांची जुनी कानस घेऊन कडा घासल्या. धुराड्याला सायकलच्या पंपाचा तुकडा लावला, टाक्यांना रॉकेलच्या डब्याचा पत्रा. रिपिटांसाठी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांसाठी, पत्रा उलटा धरून आतून खिळ्यानं एकेक टिंब ठोकायचं, म्हणजे बाहेर बारीक पुळी उठते, ही युक्ती मला चाळणी पाहून सुचली होती आणि तिचा मला अजून अभिमान आहे. शिटीला स्टोव्हची पिन होती. वाफेच्या घुमटाला काही मिळेना. आई दोन दिवस माझ्याकडे तिरप्या नजरेनं पाहत होती. मग तिनं आपल्या पितळी करंड्याचं झाकण आणून माझ्यापुढे आदळलं. "घे. सवतीले दागिना." पत्र्यांचे जोड पक्के करायला कथलाचा डाग द्यायची डागणी आम्ही चुलीतच तापवायचो, बाबा ड्यूटीवर असताना. तिच्यावर नवसागर घासला की पांढरा धूर उठायचा आणि सगळ्या स्वयंपाकघरात भरायचा. संध्याकाळी बाबा वरणाचा घास घेऊन थांबायचे. "वरणाले कारखान्याचा वास येऊन राह्यला." आई म्हणायची, "तुमच्याच अंगाचा असन."

मापं घ्यायची पद्धतही मीच काढली होती. कधीकधी खिचडी सिग्नलसाठी आमच्या घरामागे थांबायची. तेव्हा मी गोधडीआडून खराट्याची काडी हात ताठ करून धरायची आणि धुराडं किती, टाकी किती, कॅब किती, असं काडीवर नखानं खुणा करत मोजायची. शंकरकाका मला सलाम ठोकायचे आणि मी काडी पाठीमागे लपवायची. त्यांना विचारून घ्यावं असं एकदा मनात आलं होतं, पण आई म्हणाली की शंकरभाऊंच्या पोटात चहासुद्धा टिकत नाही. मग उरलेलं मी बाबांनाच आडून विचारायची. "बाबा, टाकीले रिपिटा किती असतात गा?" बाबा घास थांबवून म्हणाले, "कोनत्या टाकीले?" मी म्हटलं, "खिचडीच्या." ते आणखी काहीतरी विचारणार होते, पण आईनं त्यांच्या ताटात वरण ओतलं आणि म्हणाली, "जेवा ना. पोरीले रिपिटा शिकवून का इंजिनात धाडता?" त्या एका पळीभर वरणानं पुढचा सगळा घोटाळा केला असं मी आईला पुढे कित्येक वर्षं ऐकवत असे. ती म्हणायची, "मंग वरण नको देऊ का बापाले?"

जेवणाच्या दिवशी अंगणात सतरंज्या घातल्या. आईनं मटण असं केलं होतं की तर्रीचा रंग पाहूनच शेडच्या लोकांनी रुमाल काढून ठेवले. जेवणं अर्ध्यावर आली, खापरेकाकांना ठसका लागून ते पाणी मागत होते, तेव्हा मी थाळीत खेळणं ठेवून, वर धुतलेलं फडकं घालून ते आणलं. बुद्धपौर्णिमेला खीर आणावी तसं. फडकं मी स्वतःच काढलं.

सगळे ओरडलेच. "खिचडी! खिचडी आली!" शंकरकाकांनी तर खरकट्या हातानंच डोळे पुसले, आणि मग तिखट डोळ्यात गेलं म्हणून खरोखर रडू लागले. उंच छप्पर, जाड धुराडं, करंड्याचं झाकण, लाल पट्टा, सगळं जिथल्या तिथे होतं. खापरेकाकांनी आपल्या विजूचं इंजिन ओळखलं नाही यातच माझं सार्थक झालं. बाबांनी हात धुतला, धोतराला पुसला, खेळणं उचललं. बोटानं ठोकलं, टण्ण. कान दिला. डाव्या टाकीवरच्या रिपिटा ओठ हलवत मोजल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आता म्हणतील, आता म्हणतील, म्हणून मी हातात फडकं धरून उभी राहिले. आणि बाबांनी खेळणं उलट्या बाजूनं फिरवलं.

शेडचे सगळे लोक एकदम आपापल्या पानात पाहू लागले. बाबांनी त्या बाजूच्या टाकीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हे बाजू कोनाची हाय?"

"खिचडीची," मी म्हटलं.

"खिचडीची नाई हे." बाबांनी खेळणं शंकरकाकांकडे धरलं. शंकरकाका डोळे चोळत म्हणाले, "शालू, बेटा, पल्याडच्या अंगाले टाकी अर्धीच हाय ना तिची. त्या अंगावरच तं पडली होती नाल्यात. अन् खिडकी चौकोनी नाई, गोल हाय. दुसऱ्या इंजिनाचा पत्रा लावला न तिकडं."

खापरेकाकांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते मांडीवर थापा मारून हसले. "अरे बाप्पा! ड्रायव्हरची पोरगी अन् बापाचं इंजिन अर्धंच पाह्यलं! रामटेके, तुमचं इंजिन तं अर्धं निघालं गा!"

बाबांचा कान लाल झाला. ते माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "काहून वं? एवढ्या वर्षांत एक डाव तरी पल्याडून पाहाचं होतं."

उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पळी धरलेल्या आईकडून. पंगतीसमोर ती सहसा बोलत नसे. "कशी पाहीन ते? पल्याड तुमची बाप्ये मंडळी बसते. आमी का टमरेल घेऊन येवाव तिकडं? अन् तुमी कधी नेलं आमाले इंजिन दाखवाले? आमाले तं हेच बाजू दिसते. इतक्या सालापासून मी शंकरभाऊले हात करून राह्यली!"

अंगणात असा हशा पिकला की वाळत घातलेल्या गोधडीवरचे कावळे उडाले. खापरेकाका हसता हसता आडवेच झाले. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांनी खेळणं भिंतीच्या कोनाड्यात ठेवलं, पानावर येऊन बसले आणि खाली मान घालून जेवले. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत रडले. सगळ्या वस्तीसमोर मीच त्यांचं हसं करून ठेवलं, तेही खापरेकाकांसमोर, याचं मला इतकं वाईट वाटत होतं की मटणसुद्धा गेलं नाही. आई दाराशी येऊन म्हणाली, "रडू नको वं. मले राग याचा आला का मटन कसं झालं ते कोनी बोललंच नाई."

सकाळी बाबा नेहमीसारखे निघाले. शेवटच्या दिवसाचा नवा निळा शर्ट, गळ्याला रुमाल, हातात डबा. उंबऱ्यावर थांबून पाठमोरेच म्हणाले, "गाडीच्या टायमाले मांगं उभे राहजा सारे जन." हे ते कधी म्हणत नसत. आम्ही तर रोजच उभे राहायचो.

ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला रुळावर फटाके बांधायची रीत होती. धुक्यात गाडी थांबवण्यासाठी वापरतात ते, चाकाखाली आले की बंदुकीसारखे वाजतात. त्यांचे बार इतवारीकडून ऐकू आले तशी आम्ही कुंपणाशी आलो. आईच्या हातात झेंडूची माळ होती, वस्तीतल्या बायका मागे उभ्या होत्या, आणि खापरेकाका त्यांच्या गच्चीवर दात कोरत उभे होते. मग शिटी झाली, एक लांब आणि दोन आखूड. भाकरीची वेळ नव्हती, तरी आई सवयीनं चुलीकडे जायला निघाली. वळणावर धूर दिसला. आणि जाताना नेहमी धुराडं पुढे असे, त्या जागी पुढे आली ती खिचडीची पाठ.

"अवो वहिनी!" खापरेकाका गच्चीवरून ओरडले. "तुमची गाडी तं उलटी आली!"

उलटीच आली होती. पुढे कोळशाचा खण, त्याच्यामागे कॅब, आणि कॅबला गोल खिडकी. मी ती जन्मात पाहिली नव्हती. आईनं पदर सारखा केला, नेहमीसारखा हात वर केला, आणि तो तसाच राहिला. खिडकीत शंकरकाका नव्हते. गळ्यात हार घातलेले, टोपी मागे सारलेले, बाहेर कोपर टाकून बसलेले बाबा होते. आपला नवरा इंजिन चालवताना कसा दिसतो हे माझ्या आईनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं हात खाली घेतला, तोंड बायकांकडे फिरवलं आणि पदरात हसू लागली, नवरीसारखी. इंजिनाच्या पल्याडून आवाज आला, "वहिनी, मी इकडं हाय!" त्या दिवशी शंकरकाकांनी सलाम कुणाला ठोकला ते बेशरमाच्या झुडपातल्या मंडळींनाच ठाऊक.

बाबांनी गाडी आधीच हळू आणली होती, ती आणखी हळू केली. खिचडीचं ते हळू चालणं, ज्यावर खापरेकाकांचे अर्धे विनोद उभे होते, ते मला त्या दिवशी देवासारखं पावलं. "शालू!" बाबा खिडकीतून ओरडले. "नीट पाहून घे वं! रिपिटा मोज! पुन्हा नुक्स नको मले!" मी कुंपणातून घुसून बाहेर आले आणि इंजिनाच्या बाजूनं चालू लागले. पळायची गरजच नव्हती. अर्धी टाकी, तिच्यावर ठिगळ, ठिगळाभोवती रिपिटा, पुढे उघडी पडलेली तांब्याची नळी, सगळं बोटावर मोजत, मोठ्यानं आकडे म्हणत मी चालत राहिले. बाबा वरून मान डोलावत होते. झेंडूची माळ आईनं फेकली ती टाकीच्या कोपऱ्याला अडकली. फाटकापाशी गाडीनं वेग धरला तेव्हा मी थांबले. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की मी खापरेकाकांच्या गच्चीकडे पाहून वेडावलं. मोठी होते मी तेव्हा, स्थळं येत होती, पण वेडावलं.

शंकरकाकांनी नंतर चहावर सगळं सांगितलं. सकाळी गेल्या गेल्याच बाबांनी शेडमध्ये इंजिन फिरवायच्या गोल चक्रावर खिचडी नेऊन उभी केली होती. ते चक्र माणसांनी रेटून फिरवायचं, आणि खिचडीला त्याची कधी गरज पडत नसल्यानं ती आपल्या नोकरीत त्यावर चढलीच नव्हती. साहेबानं विचारलं, काहून फिरवता? बाबा म्हणाले, घरी काम हाय. आदल्या दिवशी आमच्याकडे जेवलेले सगळे रेटायला आले. मटण अंगात होतं म्हणून फिरली, असं शंकरकाका म्हणाले, आणि आईनं त्यांना दुसरा कप चहा दिला.

मी उजवी बाजू उखडून पुन्हा केली. अर्धी टाकी, ठिगळ, गोल खिडकी. बाबांनी ती हातात घेतली, ठोकली, कान दिला, ओठ हलवत मोजलं. आता तर ते रिटायर होते, त्यांनी दोनदा मोजलं. मग म्हणाले, "एक रिपिट जास्त हाय." मी म्हटलं, मी स्वतः चालत चालत मोजल्या आहेत. ते म्हणाले, मी त्या टाकीपाशी बसून जिंदगी काढली. यावर आम्ही बापलेक किती भांडलो असू याला सुमार नाही. तोवर खिचडी भंगारात गेली होती, त्यामुळे कोण खरं ते ठरवायला साक्षीदार उरला नव्हता. पण येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ते खेळणं काढून बाबा आधी माझं नाव सांगायचे आणि मगच रिपिटीचं.

पुढे मी टेलिफोनच्या खात्यात लागले, आणि माझ्या हातात डाग द्यायची कांडी नोकरीभर राहिली. बाबा गेले, आई गेली, खेळणं माझ्याकडे आलं. बाबा होते तोवर ते कोनाड्यात डावी बाजू पुढे करून ठेवायचे, कारण ती दिसायला चांगली. ते बाजारात गेले की आई झाडण्याच्या निमित्तानं ते फिरवून ठेवायची, गोल खिडकी घराकडे. ते आले की पुन्हा फिरवायचे. आता माझी सून कपाट पुसते आणि चांगली बाजू पुढे करून ठेवते. ती गेली की मी गुडघ्यावर हात टेकून उठते आणि खिडकी इकडे करते. त्या दिवशी चालत चालत मोजलेला आकडा मला अजून पाठ आहे; परवा चष्मा लावून मी खेळण्यावरच्या रिपिटा पुन्हा मोजल्या. एक जास्तच आहे.